माळ्यावरची काळी बाई

माझ्या काकांच्या दुकानात वस्तू विकायला आलेल्या माणसाला बोलायची बंदी होती. खुर्ची मिळे, पाणी मिळे, चहा मिळे. पण वस्तू कोणाची, कुठून आली, किती जुनी, यातलं काही त्याने सांगायला घेतलं की काका हात वर करत. "गोष्ट नंतर. लाकूड आधी." चौकातल्या पोलिसासारखा तो हात असे. लोक गोंधळत, काही रागावत. एक गृहस्थ तर आणलेलं कपाट परत टेम्पोत चढवून निघून गेले होते. काकांना त्याचं काही वाटलं नाही.

दुकान पनवेलला, एसटी स्टँडवरून गोव्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला होतं. पाटीवर नुसतं 'जुने लाकडी सामान' लिहिलेलं. मी बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो, आणि बसून बसून सगळ्यांच्या डोळ्यांवर यायला लागलो होतो, म्हणून वडिलांनी मला आपल्या थोरल्या भावाच्या हाताखाली धाडलं. नव्वदच्या आगेमागे हे झालं. मला जुन्या वस्तूंविषयी प्रेम वगैरे नव्हतं, आजही नाही. जुन्या वस्तूंना धूळ असते आणि ती झटकायचं काम माझ्याकडे होतं.

टेबलं, कपाटं, पाळणे यांच्याबरोबर आमच्याकडे आफ्रिकेतल्या लाकडी मूर्तीही येत. नवख्या गिऱ्हाइकाला याचं नवल वाटे. पण उरण-पनवेल भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर आहेत. कोणी खलाशी, कोणी बोटीवरचा भंडारी म्हणजे स्वयंपाकी, कोणी मोंबासाच्या गोदीत. परत येताना ट्रंकेत कपडे, साबण, अत्तर आणि त्यांच्यात गुंडाळलेली एखादी मूर्ती. भाला धरलेला माणूस, डोक्यावर घडा घेतलेली बाई, गुडघ्यात मान घालून बसलेला म्हातारा. ही मंडळी काचेच्या कपाटात वीस-तीस वर्षं सुखाने राहत. मग घरात सून येई आणि म्हणे, घरात ही भुतं नकोत. की ती आमच्या दारात. इथून ती कर्नाळ्याच्या बाजूला फार्महाऊस बांधणाऱ्या मुंबईकरांच्या हॉलमध्ये जात. त्यांना भुतं चालत, फक्त जुनी हवी असत.

आणि जुनी आहे की नाही, हे सांगणं हेच काकांचं काम. तरुणपणी ते मुंबईत एका लिलाववाल्याकडे नोकरीला होते, तिथे ही नजर तयार झाली. मूर्ती हातात आली की ते आधी तिच्या तोंडाकडे बघतच नसत. उलटी करून बूड बघत. मग वजन. खरं काळं लाकूड इतकं जड असतं की बादलीत टाकलं तर तळाला जातं. हलकं लाकूड बुटाच्या पॉलिशने काळं केलेलं असलं, तर रॉकेलमध्ये बुडवलेला कापूस फिरवला की त्याचं सोंग उतरतं. किड्याने पाडलेलं भोक आत गेलं की वाकडंतिकडं वळतं. ड्रिलने पाडलेलं सरळ जातं, आणि दोन्ही ओळखायला एक सुई पुरते. सगळ्यात शेवटी ते झीज बघत. मूर्ती धरताना हात कुठे लागत असेल तिथे झीज हवी. जिथे हात लागायचं कारणच नाही तिथे असली, तर ती कानशीने केलेली. "माणूस ज्याच्यावरून रोज हात फिरवतो ते लाकूड आतून चकाकतं," असं ते सांगत. "ती चकाकी तेलाने येत नाही आणि पॉलिशनेही येत नाही."

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं. लाकडाचं वय वेगळं, कोरण्याचं वेगळं आणि काळेपणाचं वेगळं. तिन्ही जुळली तरच वस्तू जुनी. आणि विकणाऱ्याची गोष्ट आधी ऐकली की डोळा बिघडतो. गोष्टीत जे असतं तेच लाकडात दिसायला लागतं. त्यात चूक काही नव्हतं. मी स्वतः पाहिलं आहे, आजोबांच्या आठवणीने गहिवरलेल्या माणसासमोर मला नवं कोरं स्टूल शंभर वर्षांचं वाटलं होतं.

ती बाई आली त्या दिवशी काका बँकेत गेले होते. उरणच्या एसटीतून उतरून ती विचारत विचारत आली होती. साठीची असेल. कपाळ मोकळं, केसांत फूल नाही, काखेत मासळीची पाटी. पाटीत मासळी नव्हती, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी खुर्ची दिली तर ती उंबऱ्याशी जमिनीवरच बसली. मोऱ्याहून आले, म्हणाली. मोरा म्हणजे उरणचं बंदर, तिथून मुंबईला लाँच जाते आणि बाकी सगळी कोळ्यांची वस्ती.

काका नव्हते म्हणून नियमही नव्हता. मी विचारलं नाही तरी तिने सांगायला सुरुवात केली, आणि मला हात वर करायची सवय नव्हती.

"मालक माजे बोटीवर व्हते," ती म्हणाली. "मोंबासाला जायाचे. दोन-दोन वर्सं यायाचे नाय. एकदा आले तवा ही घेऊन आले. मला बोलले, ही लई जुनी हाय, तिकडच्या एका म्हाताऱ्यानं दिली, त्याच्या आज्याच्या आज्याची. मी बोलली, बरं. माल्यावर ठेवली."

 मी चहा मागवला.

"गावातली मानसं बोलायची, तिकडं याचं बिऱ्हाड हाय. ही त्या बाईची बावली हाय, तिच्यावरून करून घेतली. मी कंदी इचारलं नाय. मालक असताना इचारलं नाय, आन आता ते गेले." नवरा त्याच साली वारला होता. "मागल्या म्हयन्यात मुंबैचा एक शेट लाँचनं आला, जुनं सामान बघत फिरत व्हता. त्यानं बघितली आन बोलला, बाय, ही लई जुनी हाय, मला दे. पुतन्या बोलतो दे. मी बोलली, आदी पनवेलला दाखवून आनते."

"किंमत कळायला?" मी विचारलं.

"किमतीचं नाय, दादा. जुनी असल तर मालक खरं बोलले. तेवडं सांगा."

मी आजवर त्या दुकानात बरेच प्रश्न ऐकले होते, पण सगळ्यांच्या मागे किंमत असे. हिला फक्त वय हवं होतं. मूर्ती नवऱ्याच्या आधीची निघाली तर नवरा तिचा. त्याच्या काळातली निघाली तर गाव खरं. चहा येईपर्यंत मी लुगडं उलगडून पाहिलं. हातभर उंचीची बाई, उभी, काजळीने इतकी माखलेली की नाक-डोळेही धड कळत नव्हते. पाठीवर काहीतरी गाठोडं होतं. मनातून मला वाटलं, ही जुनी निघू दे. असं मला सहसा वाटत नसे.

काका आले. त्यांनी मूर्ती उलटी केली, हातात तोलली आणि त्यांचे डोळे लकाकले. "आठ दिवस ठेवून जा, बाई," ते म्हणाले. हीही त्यांची पद्धत होती. मूर्ती ते घरी नेत, एकटेच बघत, आणि शेवटचा निकाल वस्तूच्या मालकासमोरच सांगत. ती गेल्यावर मी म्हटलं, "काका, तिला एवढंच हवंय की..."

हात वर गेला. "गोष्ट नंतर."

"पण ही गोष्ट वेगळी आहे."

"सगळ्यांचीच वेगळी असते," काका म्हणाले आणि छत्री घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते खुशीत होते. लाकूड अस्सल होतं, आतलं काळं, जड. भोकं किड्यांची. धुराचा थर चांगला जाड, खोबणींमध्ये भरलेला. "जुनी दिसते," ते म्हणाले, आणि स्वतःहून पेढे मागवल्यासारखा चेहरा केला. मला हायसं वाटलं. मी त्या दिवशी दुकान जरा नीट झाडलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते गप्प होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "नाकाने घोळ केला." मूर्ती उन्हात ठेवली होती, ऊन लागल्यावर तिला वास सुटला. तिकडच्या झोपडीत वर्षानुवर्षं राहिलेल्या मूर्तीला ताडाच्या तेलाचा आणि तिकडच्या लाकडांच्या धुराचा वास असतो, तो त्यांना माहीत होता. हिला सुक्या बोंबलांचा येत होता. चुलीवरच्या माळ्यावर, बोंबलांच्या शेजारी, तीस-एक वर्षं. "हा काळेपणा मोऱ्याचा आहे," काका म्हणाले. "मुंबईचा शेट त्यालाच भुलला असणार." मग त्यांनी सगळी काजळी कापसाने, रॉकेलने, दात घासायच्या ब्रशने उतरवायला घेतली, आणि त्यापुढे मला काही सांगितलं नाही. मी पुन्हा एकदा तोंड उघडून पाहिलं. हात वर गेला.

ठरल्या दिवशी ती आली. ह्या वेळी खुर्चीत बसली. नवं लुगडं नेसली होती. काकांनी पिशवीतून मूर्ती काढून टेबलावर ठेवली आणि मीही ती पहिल्यांदाच नीट पाहिली. काजळी गेल्यावर ती कोणीतरी झाली होती. तरुण बाई, गालफडं वर, ओठ मिटलेले, मान किंचित एका बाजूला. पाठीवर गाठोडं नव्हतं. कपड्याने घट्ट बांधलेलं पोर होतं, फक्त डोकं बाहेर.

काका इतके खुशीत होते की मला त्यांची भीती वाटली.

"बाई, ही जुनी नाही," ते म्हणाले. "पण तोंड पाडू नका. बाजारात खलाशांना विकायला करतात त्यातलीही नाही. बाजारातल्या सगळ्या बायकांचे चेहरे एकसारखे असतात. गालांवर नक्षी असते, ती दोन्हीकडे सारखी. ही बघा, हिच्या एकाच भिवईवर खूण आहे. नक्षी नाही, जखमेचा वण आहे. वण कोणी मनाने कोरत नाही. म्हणजे ही एका ठरावीक बाईची आहे. आणि आता हे बघा."

त्यांनी मूर्तीच्या गळ्यापाशी बोट नेलं. गळ्यात बारीक मण्यांची माळ कोरलेली होती आणि माळेच्या मध्यावर दोन वाट्या.

"मंगळसूत्र," काका म्हणाले. "तिकडच्या कारागिराला मंगळसूत्र कुठून माहीत? तुमच्या मालकांनी त्याला समजावून सांगितलं असणार. चेहरा त्याने तिकडच्या वळणाचा केला, ती माणसं सगळ्यांना आपल्यासारखंच कोरतात. पण बाई तुम्ही आहात. परमुलखात बसून त्यांनी तुमची मूर्ती करून घेतली. अशी वस्तू मी आयुष्यात पाहिली नाही." आणि ते पुढे वाकून तिच्या कपाळावर वण शोधायला लागले.

तिने डोक्यावरचा पदर मागे घेतला. केस कानामागे सारले. दोन्ही भिवया त्यांना दिसतील असं तोंड उजेडाकडे केलं. वण नव्हता.

"आन मला पोर झालं नाय, शेट," ती म्हणाली.

आवाज चढला नव्हता. काका तसेच वाकलेले राहिले. मग सरळ झाले, चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. रस्त्यावरून एक रेतीचा ट्रक गेला. ती मूर्तीकडे बघत होती. आधी गळ्याकडे, मग ती तिने स्वतःच वळवली आणि पोराकडे बघत राहिली. माळ्यावर इतकी वर्षं ते गाठोडं म्हणून राहिलं होतं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि मी उठलो नाही, कारण उठलो असतो तर ते दिसलं असतं.

"मी घेतो ही," काका म्हणाले. "तुम्ही म्हणाल त्या भावाने."

"इकायची नाय," ती म्हणाली. मूर्ती लुगड्यात गुंडाळली, पाटीत ठेवली. जाताना मला म्हणाली, "चाय नको आज, दादा." मी तिला स्टँडपर्यंत सोडायला गेलो. उरणची गाडी लागलेलीच होती. खिडकीपाशी बसून तिने पाटी मांडीवर घेतली.

परत आलो तर काका तिच्या खुर्चीत बसले होते. "गोष्ट काय होती?" त्यांनी विचारलं. मी सांगितली. ऐकून ते म्हणाले, "आधी सांगायचंस."

"तुम्ही हात वर केलात."

मला त्यांचा राग आला होता. त्यांची कीवही येत होती, कारण लाकडात जे होतं ते त्यांनी अचूक ओळखलं होतं आणि त्यातून काढायचा तेवढा अर्थ चुकला होता. सौभाग्याचं लेणं दिसलं की त्यामागे लग्नाची बायको उभी करायची, दुसरी कोणी नाही, ही त्यांची, आमच्या सगळ्यांचीच, सवय. गोष्ट ऐकल्याने डोळा बिघडतो म्हणत होते; न ऐकल्याने आणखीच बिघडला होता.

त्या दिवसापासून नियम मोडला. उलट काका आता आलेल्या माणसाला बसवून आधी सगळं ऐकत. लोक काय, मोकाट सुटले. एकाने तर आपल्या पाटावर कोण कोण जेवून गेलं याची पार पेशव्यांपर्यंत यादी सांगितली, आणि काका मान हलवत राहिले. धंद्याला हे मारक होतं. 

वर्ष-दीड वर्षाने मला मोऱ्याला जायचा योग आला. जुन्या होडीचं सागवान विकायचं आहे असा निरोप होता, ते बघायला काकांनी मला पाठवलं. तोवर लाकूड मलाही कळायला लागलं होतं. सागवान कुजलेलं निघालं. परतीच्या एसटीला वेळ होता, म्हणून मी विचारत विचारत तिच्या घरी गेलो. ती ओट्यावर सुकट निवडत होती. मला तिने लगेच ओळखलं, हात धुतले आणि आत बोलावलं.

आत भिंतीला फळी होती. फळीवर नवऱ्याचा फोटो, प्लॅस्टिकच्या फुलांचा हार घातलेला, आणि त्याच्या शेजारी ती मूर्ती. धुऊन पुसून ठेवलेली. मला वाटलं होतं एव्हाना तिने ती चुलीत घातली असेल, नाहीतर धक्क्यावरून खाडीत टाकली असेल.

"बघू का?" मी विचारलं. ती म्हणाली, बघा.

मी काकांच्या सवयीने आधी उलटी केली. बूड पाहिलं, मग पाठ. पाठीवरच्या पोराचं डोकं चकाकत होतं. बाकी लाकूड कोरडं, मंद. तेवढंच डोकं गुळगुळीत झालेलं आणि आतून उजळलेलं. तेलाने ते होत नाही. मी अंगठा त्यावर ठेवला तर तो बरोबर बसला.

मग मी मूर्ती समोरून फिरवली. गळा खरवडलेला होता. मणी, वाट्या, काही उरलं नव्हतं. सुरीचे ओरखडे होते, कडा अजून धारदार, आणि तिथलं लाकूड फिकट दिसत होतं. घाईने केलेलं काम नव्हतं. एकेक मणी काढलेला होता.

"मुंबैचा शेट परत आलता," ती मागून म्हणाली. "मान बघितली आन तोंड वाकडं करून गेला. बोलला, आता हिचं काय येनार नाय."

"हे कधी केलंत?"

"तुमच्याकडनं आनली त्याच दिशी." ती चुलीपाशी बसली होती, माझ्याकडे न बघता चहाचं आधण ठेवत होती. "मालक गेले तवा माजं काढलं. तिला तिकडं कोन सांगनार? ती अजून गल्यात घालून बसली असल."

मी मूर्ती फळीवर जिथे होती तिथे, फोटोच्या शेजारी ठेवली.

"मला धरायला चार बाया व्हत्या," ती म्हणाली. "हिचं मी एकलीनं केलं. मंग रडली. हिच्या वाट्याचं बी."